गाडी थरथरते तेव्हा

“ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि शंभरच्या पुढे गेलं की आपोआप थांबतं. असं कसं?” रायपूरहून नागपूरला सतत जा-ये करणाऱ्या गाडीवाल्यांचा हा ठरलेला प्रश्न. पाठोपाठ दुसरी तक्रार येते: “इथे पंडरीत काही म्हणजे काही होत नाही. राजनांदगावच्या पुढे मोकळा रस्ता लागला की सुरू. आणि गॅरेजला नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते.”

गाडीचं काही चुकत नाही. रायपूरच्या पंडरीत कापड मार्केटच्या गर्दीतून जाताना तिसरा गिअर टाकायला मिळाला तरी नशीब. गॅरेजवालाही गाडी तपासतो ती मागच्या गल्लीत एक चक्कर मारून, तीसच्या वेगाने. ज्या वेगाला दुखणं दिसतं, त्या वेगाला तिला तपासणाऱ्या कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणूनच जाणता मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, “किस स्पीड पे हिलती है?” याचं नेमकं उत्तर जवळ असेल तर अर्धं निदान झालंच म्हणायचं. “हिलती तो है, कभी कभी” एवढंच सांगता आलं, तर पुढचे पार्ट अंदाजाने बदलले जातात आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो.

१. चाळीसला न दिसणारा दोष

चाक गोल असतं, पण त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. टायरमध्ये रबराचे, धाग्यांचे, तारांचे थर असतात आणि त्यांचे जोड कुठे ना कुठे येतातच. रिमला एका जागी व्हॉल्व्ह असतो. ज्या बाजूला वजन जास्त, ती बाजू चाक फिरताना ॲक्सलला बाहेरच्या दिशेने ओढते. ही ओढ वेगाबरोबर नुसती वाढत नाही. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते.

हिशेब करून पाहू. छोट्या सेडान गाड्यांना असतो तसा १६५/८० आर १४ मापाचा टायर घ्या. तो एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जातो. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ सहा फेरे मारतं, ८० ला पावणेबारा, १०० ला साडेचौदा. आता या रिमच्या कडेला एका बाजूला ५० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. चाळीसच्या वेगाला त्याची ओढ भरते सव्वा किलोच्या आसपास. ऐंशीला पाच किलो, शंभरला पावणेआठ आणि एकशे वीसला अकरा किलो. तीही एकाच दिशेने नाही. प्रत्येक फेऱ्यात ती वर, पुढे, खाली, मागे अशी फिरते.

पंडरीतल्या गाडीचं वागणं यातून कळलं. सव्वा किलोची ओढ सस्पेन्शन सहज पचवतं. पण शंभरच्या पुढे ओढ आणखी वाढूनही थरथर कमी का व्हावी?

त्यासाठी घरातलं वॉशिंग मशीन आठवा. ओली चादर ड्रममध्ये एका बाजूला गोळा झाली, की पाणी पिळताना ड्रम वेग घेतो आणि मध्येच एका टप्प्यावर मशीन जागचं हलायला लागतं. वेग आणखी वाढला की बऱ्यापैकी शांत होतं. बंद होताना वेग उतरतो, पुन्हा तोच टप्पा येतो आणि मशीन पुन्हा नाचतं. चादर सगळा वेळ तिथेच असते. फक्त त्या एका टप्प्यावर तिच्या हिसक्यांची लय आणि स्प्रिंगांवर टांगलेल्या ड्रमची स्वतःची लय जुळते.

गाडीचं चाक, त्याचा हब, ब्रेक, खालचा आर्म हे सगळं मिळून टायरचं रबर आणि वरची स्प्रिंग यांच्यामध्ये असंच टांगलेलं असतं. बहुतेक मोटारींत या संचाची स्वतःची लय सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांची असते. वरचा हिशेब पुन्हा बघा: चाकाचे फेरे बरोबर याच घरात येतात ते ताशी ७० ते १०० च्या दरम्यान. लय जुळते आणि हादरा स्टिअरिंगपर्यंत पोचतो. शंभरच्या पुढे लय चुकते, हात शांत होतात. दोष मात्र गेलेला नसतो. उलट ओढ वाढलेली असते आणि ती बेअरिंग, बुश, शॉकअप निमूट सोसत असतात. “शंभरला नीट चालते, मग मी शंभरनेच चालवतो” म्हणणारे लोक असतात. त्यांच्याशी वाद घालायचा कंटाळा येतो, पण हिशेब हा असा आहे.

२. थरथर कुणाच्या मागे चालते?

गाडीत हलणाऱ्या गोष्टी शेकडो, पण थरथरीला मालक चारच: रस्ता, चाकं, इंजिन (ॲक्सल, शाफ्ट धरून) आणि ब्रेक. प्रत्येकाची चाल वेगळी असल्यामुळे थरथर कुणाच्या तालावर चालली आहे हे ओळखता येतं.

रस्ता आधी वगळावा, कारण त्याला काही खर्च नाही. सिमेंटच्या रस्त्यावर साधारण साडेचार-साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात. ऐंशीच्या वेगाला ते सेकंदाला पाच येतात आणि नव्या टायरांच्या, ठणठणीत गाडीलाही एक बारीक ‘धड-धड’ ऐकवतात. रायपूरहून निघून नागपूरनंतर ‘समृद्धी’ महामार्गाला लागणाऱ्यांना हा आवाज अचानक जाणवतो आणि आपल्याच गाडीचं काहीतरी बिघडलं असं वाटतं. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता सिमेंटचाच आहे. लेन बदलून, किंवा पुढे डांबरी तुकडा लागल्यावर हादरा गेला, तर गाडीला दोष देऊ नये.

रस्ता सुटला की चाकं आणि इंजिन यांच्यात निवाडा करायचा. सरळ, मोकळा रस्ता, मागे कुणी नाही, गाडी नव्वदला आणि थरथर चालू. ॲक्सिलरेटर सोडा आणि दोन-तीन सेकंद क्लच पूर्ण दाबून धरा. इंजिन खाली येईल, चाकं मात्र जवळजवळ त्याच वेगाने फिरत राहतील. थरथर तशीच राहिली तर मालक बहुधा चाकांकडे आहे. क्लच दाबताक्षणी गेली, तर तो इंजिनकडे किंवा इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या ॲक्सलकडे. (ही चाचणी करताना चावी बंद करायची नाही, कधीच नाही. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होतं.) इंजिनाची शंका उरली तर घरी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, टॅकोमीटरचा काटा थरथरीच्या वेळी होता त्याच आकड्यावर न्यावा. उभ्या गाडीतही थरथर आली तर इंजिन किंवा त्याचं माउंटिंग. नाही आली तर ॲक्सल.

आणि थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंगवर आली तर बहुधा पुढची चाकं. सीटखाली, पाठीत आली तर मागची. याची स्वस्त खात्री म्हणजे पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावून पुन्हा हायवेवर जाणं. थरथर स्टिअरिंगवरून सीटमध्ये गेली, तर दोष त्या चाकांत आहे आणि बाकी कशालाही हात लावायची गरज नाही.

३. चाकांची कुंडली

वेगावर अवलंबून असलेल्या थरथरीचा मालक बहुतेक वेळा चाक निघतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

सगळ्यात स्वस्त कारण चिखल. पावसाळ्यात आरंग किंवा अभनपूरकडे गावाला जाऊन आलेली गाडी दुसऱ्या दिवशी हायवेवर हलायला लागते आणि मालक बॅलन्सिंगला धावतो. छत्तीसगडातली काळी, चिकट माती, जिला इथे कन्हार म्हणतात, ती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून घट्ट होते. मघाच्या हिशेबात ५० ग्रॅमने काय होतं ते पाहिलं. मातीचं मूठभर ढेकूळ त्याहून सहज जड भरतं. बाहेरून धुतलेली गाडी आतून तशीच राहते. म्हणून टायरवाल्याकडे जाण्याआधी पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या आतल्या बाजूने मारून पाहावा.

मग बॅलन्सिंग. ते नीट होतंय का हे उभं राहून बघण्यासारखं आहे. मुलगा चाक काढून मशीनच्या दांड्यावर शंकूने घट्ट बसवतो. मशीनला तीन मापं द्यावी लागतात: रिम मशीनपासून किती दूर, किती रुंद आणि किती इंची. झाकण पडतं, चाक फिरतं, थांबतं आणि दोन आकडे येतात; समजा आत ३५, बाहेर २०. चाक हाताने हळू फिरवत तो दिवा लागेल त्या जागी थांबतो आणि तितक्या ग्रॅमचं वजन लावतो: लोखंडी रिमला हातोडीने ठोकून, अलॉयला चिकटवून. इथेच बरेच जण दुकानाबाहेर चहा प्यायला जातात आणि इथेच चोरी होते. जुनी वजनं काढली का? खडे टायरच्या नक्षीतून उपटले का? मुख्य म्हणजे, वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य आलं का? दुसऱ्यांदा न फिरवलेलं बॅलन्सिंग धरू नये. पंक्चर काढताना टायर रिमवरून उतरवला असेल, तर त्या चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करावंच लागतं.

शून्य येऊनही थरथर राहिली तर चाकाच्या वजनात नाही, आकारात खोट आहे. खड्ड्यात आपटून रिमला बेंड आलेला असतो. मशीनवर चाक फिरत असताना रिमची कड एका जागी नजर ठेवून पाहा, ती आतबाहेर किंवा वरखाली होताना दिसते. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत. फुगवट्याला दुरुस्ती नाही आणि त्यावर हायवेला जाणं म्हणजे फुटण्याची वाट पाहणं. टायर दिसायला नवा असला तरी त्याचं वय बाजूवर छापलेलं असतं: चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रायपूरच्या मे महिन्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर नक्षी शिल्लक असूनही कडक होतं, तडकतं.

एक निरुपद्रवी प्रकारही आहे. गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहिली की टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे किंचित सपाट होतो. निघाल्यावर थरथर, आणि टायर तापून दहा-वीस किलोमीटर गेल्यावर गायब. हवा आधी कमी झाली असेल तर हे जास्त होतं. हवा भरून चालवून पाहा, घाई करू नका.

आता अलाइनमेंट. “गाडी हिलती है” म्हटलं की “अलाइनमेंट करा लो” हे उत्तर अर्ध्या दुकानांत तयार असतं. अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांशी आणि रस्त्याशी कोणत्या कोनात उभी आहेत, ते जुळवणं. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ असताना तिरकं दिसतं, टायर एका कडेने झिजतात. थरथर होत नाही. (तिरके झिजलेले टायर पुढे महिन्यांनी थरथरू शकतात, पण तेव्हा अलाइनमेंट करून झिजलेलं रबर परत येत नाही.) थरथरीसाठी अलाइनमेंटचे पैसे देणं हा माझ्या मते गाडीवाल्यांचा सर्वांत नेमाने होणारा वायफळ खर्च आहे.

बॅलन्सिंग करून आणलं, आठ दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं, असं असेल तर ढिलेपणा शोधायचा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे स्वतः थरथर निर्माण करत नाहीत. पण ते घासले की चाकातला दहा-पंधरा ग्रॅमचा किरकोळ दोषही मोठा होऊन हातात येतो. मिस्त्री चाक जॅकवर उचलतो आणि ते वर-खाली धरून हलवतो, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा लागला तर बहुधा टाय रॉड एंड. बेअरिंग एकटंच गेलं असेल तर थरथरीआधी घूं-घूं आवाज येतो आणि वळणावर तो बदलतो.

४. फक्त ब्रेकवर

बाकी सगळं शांत आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथडतं, तर चाकांचा विषय संपला. हे डिस्कचं काम.

लोक म्हणतात डिस्क वाकली. खरं म्हणजे बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. कुठे घासून पातळ, कुठे पॅडचं द्रव्य चिकटून जाड. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी असू शकतो, पण डिस्क एका फेऱ्यात जाड-पातळ जाड-पातळ अशी पॅडमधून गेली की पॅड मागेपुढे ढकलले जातात आणि तो ठोका पायाला, हाताला लागतो. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवत आलेल्या गाडीत आणि गरम डिस्क असताना सिग्नलला पेडल घट्ट दाबून उभ्या राहिलेल्या गाडीत हे लवकर होतं. डिस्कमध्ये पुरेशी जाडी उरली असेल तर लेथवर फेसिंग करून मिळतं. कमीत कमी किती जाडी चालेल ते बहुधा डिस्कवरच कोरलेलं असतं. थडथड स्टिअरिंगऐवजी सीटखाली येत असेल तर मागचे ड्रम बघायला सांगावेत.

ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक मारताना पायाखाली पेडल गुरगुरलं तर ते एबीएस आपलं काम करत असतं. त्या वेळी घाबरून पाय काढायचा नाही.

५. ॲक्सिलरेटर दाबला की

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाची ताकद दोन ॲक्सलमधून चाकांना जाते आणि प्रत्येक ॲक्सलला दोन सांधे असतात. आतला सांधा झिजला की चढावर किंवा ओव्हरटेक करताना, जोर दिल्यावर, गाडी डावी-उजवीकडे डुलल्यासारखी थरथरते आणि पाय काढला की लगेच थांबते. बाहेरचा सांधा गेला तर तो थरथरीआधी बोलतो: स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट-कट. त्याच्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं दिसलं तर वेळीच बूट बदलून सांधा वाचतो.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना खालून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो. तो चाकांच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. त्याच्या सांध्यातला क्रॉस ढिला झाला किंवा शाफ्टला मार लागला, तर थरथर जाड नसते. फरशीतून मुंग्या आल्यासारखी बारीक, गुणगुणणारी येते.

६. उभी गाडी हलते

सिग्नलला उभं असताना सीट, आरसा, गिअरचा दांडा हलतो, तर चाकांचा संबंधच नाही. आधी सिलिंडर मोजा. चार सिलिंडरचं इंजिन ८०० फेऱ्यांना सेकंदाला सत्तावीसएक स्फोट करतं, तीन सिलिंडरचं फक्त वीस. स्फोट कमी आणि त्यांच्यातलं अंतर जास्त, शिवाय तीन सिलिंडरांची वरखाली ओढ एकमेकांना मारत असली तरी इंजिनाला टोकाटोकाने झुलवणारा हिसका उरतोच, म्हणून अशी गाडी उभ्याने थोडी हलणारच. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन तीन सिलिंडरचं होतं. एक अख्खी पिढी त्या हलण्यावर गाडी शिकली, आणि आज त्याच घरांत नवी तीन सिलिंडरची गाडी आली की शोरूमला तक्रार जाते.

हलणं सम आहे की अडखळत, हे महत्त्वाचं. अडखळत असेल तर मिसिंग: एखाद्या सिलिंडरचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर नीट काम करत नाही. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला असेल तर जोर न देता गाडी गॅरेजला न्यावी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. हलणं सम आहे पण पूर्वीपेक्षा वाढलं, एसी लावला की जास्त, आणि गाडी निघताना-थांबताना पुढून ‘ठक’ होतं, तर माउंटिंगचं रबर बसलं आहे. फक्त पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी उड्या मारते आणि निघाल्यावर नीट, तर क्लच प्लेट बघायची.

७. फोन खिशातून काढा

इतकं करूनही संशय राहिला तर मोजता येतं. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने केलेलं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप त्या सेन्सरवरून कंपनांचा आलेख काढतं आणि सेकंदाला किती हेलकावे आहेत ते दाखवतं. फोन फरशीवर दाबून धरायचं काम शेजारच्या सीटवरच्या माणसाचं, चालवणाऱ्याचं नाही.

समजा नव्वदला आलेखात सुळका १३ वर आला. नव्वद म्हणजे सेकंदाला २५ मीटर, भागिले १.९, म्हणजे चाकाचे १३ फेरे. फेऱ्याला एक ठोका: बॅलन्सिंग, चिखल, रिम. सुळका २६ वर असेल तर फेऱ्याला दोन ठोके: लांबट झालेला टायर. मागच्या चाकांवरच्या गाडीत ५० च्या आसपास आला तर प्रोपेलर शाफ्ट. (त्या गाडीचा टायर मोठा असतो, तर १.९ ऐवजी त्याचा घेर धरावा.) आणि वेग तोच ठेवून पाचवा गिअर चौथ्यावर आणल्यावर सुळका सरकला, तर तो इंजिनाचा, चाकाचा सुळका गिअर बदलल्याने हलत नाही.

८. कधी गाडी बाजूला घ्यायची

वर सांगितलेली बहुतेक दुखणी चार दिवस थांबतात. दोन थांबत नाहीत. एक, थरथर अचानक सुरू झाली आणि दर किलोमीटरला वाढते आहे. टायरचा थर सुटत असेल तर असंच होतं; बाहेर पडून टायर डोळ्यांनी पाहावा, फुगवटा किंवा उचललेली पट्टी दिसली तर स्टेपनी लावावी.

दुसरं, आदल्या दिवशी चाक काढून बसवलं होतं आणि आता कमी वेगालाही ठकठक होते आहे. हे ढिले नट. स्टेपनी बदलणाऱ्याने नट हाताने पुरते न बसवता एकेक करून कसले, की चाक हबवर तिरकं बसतं आणि गाडी चालली की नट सैल होतात. नट समोरासमोरचे, ताऱ्याच्या आकारात, थोडे थोडे कसायचे असतात आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचे असतात. पंडरीत स्टेपनी बदलून संध्याकाळी नागपूरला निघालात, तर ही वेळ साधारण राजनांदगावला येते.